मनसरचा काळा दगड

उन्हाळ्याच्या प्रारंभीं एके दिवशीं पहांटे आम्ही नागपुराहून रामटेकास निघालों. पुतण्यानें नुकतीच विजेची मोटार घेतली होती. परंतु "वाटेंत वीज संपली तर?" ही आत्याबाईंची शंका गाडींत आमच्याबरोबरच बसली होती. ती अनाठायीं नव्हती. मे २०१७ मध्यें ओला व महिंद्र यांनीं याच शहरांत विजेच्या टॅक्सींचा प्रयोग आरंभिला. परंतु पुढें वीज भरण्यासाठीं करावी लागणारी प्रतीक्षा व खर्च यांनीं कित्येक चालक कंटाळल्याचीं वृत्तें आलीं.

कामठी मागें पडली, कन्हान ओलांडली आणि मनसर आलें. रामटेकाचा फांटा येथूनच फुटतो. मनसर म्हणतांच वाकाटकांचे अवशेष आठवतात. पण येथील भूमीच्या पोटांत आणखीही एक धन आहे, तें मँगनीज. त्यासाठीं १८९६ सालीं निघालेल्या इंग्रज व्यवसायाचा वारसा आज मॉइल या सरकारी कंपनीकडे असून तिचें मुख्य ठाणें नागपुरासच आहे.

हें खनिज बहुतांशीं पोलादाच्या कामीं येतें. तथापि विजेशींही त्याचें नातें जुनें आहे. लेक्लांशे यानें १८६६ मध्यें केलेल्या घटांत तें होतें, आणि आपल्या हातविजेरीच्या घटांतही असतें. मोटारीच्या कित्येक लिथियम घटांत निकेल व कोबाल्ट यांच्या जोडीला तेंच बसतें. जुन्या शिशाच्या बॅटरींत किलोमागें तीसचाळीस वॅट-तास शक्ति मावे, तेथें लिथियम घटांत दीडशें ते अडीचशें मावते. मँगनीज स्वस्त आहे. परंतु केवळ त्याच्यावर भिस्त ठेवलेले घट उष्णतेंत लवकर क्षीण होतात, कारण धातूचा अंश आंतील द्रवांत विरघळूं लागतो. नागपुरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जाणारा! येथल्याच दगडाला येथलेंच ऊन सोसवत नाहीं, याचें मोठें नवल वाटलें. संशोधकांची खटपट आज चालली आहे, ती अधिक शक्ति सांठविण्याइतकीच हा ताप सोसण्यासाठींही.

गडाच्या पायथ्याशीं आंब्याखालीं गाडी ठेवून आम्ही दर्शन घेतलें. सायंकाळीं घरीं परतलों, तेव्हां अर्ध्याहून अधिक वीज शिल्लक होती. सारी हकीकत ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "मग आपल्या बैलांसारखीच हिलाही सावलींत बांधा. पुढल्या खेपेस मीही येईन."