गच्चीचा कठडा

बायबलमध्ये खुनाला काय न्याय सांगितलाय ते वाचत होते. जाणूनबुजून खून केला तर पैसे भरून सुटका नाही, जिवाला जीवच. (हे काही मला पटत नाही.) पण कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून शेजारी मेला, तर पळून जायला यार्देन नदीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, अशी ६ आश्रयाची नगरं. आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात चक्क घरबांधणी! नव्या घराच्या गच्चीला कठडा हवाच. कोणी पडून मेलं तर त्या रक्ताचा दोष घरावर. आपण पाणी गाळतो, तेही प्रमाद टाळायलाच ना?

आमच्या सोसायटीच्या गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा. संक्रांतीला मुलं पतंग घेऊन वर जातात. खर्चाचं कारण सांगून विषय दोनदा पुढे ढकलला गेलाय. रविवारच्या मीटिंगला तो पहिला घ्यायला लावणार आहे.