पाठांतर आणि मेंदूचें मोजमाप

मनुष्याचें मन कळणें कठीण, असें आपण सहज म्हणतों. परंतु त्या मनाचें अधिष्ठान जो मेंदू, त्याचा शोध घेणें त्याहूनही कठीण आहे. ताप आला तर अंग तापतें, हाड मोडलें तर हातास लागतें. मेंदू मात्र कवटींत बंद राहून निःशब्दपणें आपलें काम करीत असतो. म्हणून त्याच्या अभ्यासाचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, माणूस काय आठवतो, कोठें अडतो, कोठें चुकतो, हें बारकाईनें मोजण्याचा. वर्गांत धातुरूपें म्हणवून घेणारा शिक्षक नकळत हाच मार्ग चोखाळीत असतो. दुसरा, यंत्राच्या साह्यानें मेंदूकडेच पाहण्याचा. १९२४ सालीं जर्मनींत हान्स बर्गर यांनीं माणसाच्या मेंदूंतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या, आणि पुढें एम्.आर्.आय्. यंत्रानें कवटी न उघडतां जिवंत मेंदूचें चित्र काढतां येऊं लागलें. परंतु दोन्ही मार्ग ज्यावांचून आंधळे, अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे तुलना.

आमच्या लोटे गांवीं रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. तेथील एका प्रयोगशाळेंत काम करणारा आमचा जुना विद्यार्थी सांगतो कीं, सांडपाण्याची परीक्षा करतांना त्याच कृतीनें शुद्ध पाण्याचीही परीक्षा शेजारीं करावी लागते. शुद्ध पाण्यानेंही रंग दाखविला, तर दोष सांडपाण्याचा नव्हे. भांड्याचा किंवा औषधाचा. माणसाच्या बाबतींत हें शेजारचें शुद्ध पाणी मिळविणें, हीच खरी अडचण होय.

हें सांगण्यास निमित्त झालें तें असें. येथील कांहीं तरुण गृहस्थांनीं मुलांकरितां रविवारचा संस्कृत वर्ग काढण्याचें योजिलें आणि हस्तपत्रकाचा मसुदा आमच्याकडे आणला. त्यांत ठळक अक्षरांत एक वाक्य होतें: ‘पाठांतरानें मेंदू वाढतो, हें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे.’ खालीं आमची सही हवी होती. ज्यांचें सारें आयुष्य रूपावली आणि समासचक्र घोकवून घेण्यांत गेलें, त्या आम्हांस या वाक्याचा मोह पडला नसता तरच नवल. तथापि सही करण्यापूर्वीं मूळ संशोधन काय सांगतें, तें पाहणें आम्हांस अवश्य वाटलें.

संशोधन खरें आहे. २०१६ सालीं ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें. इटलींतील त्रेंतो विद्यापीठाचे जेम्स हार्टझेल आणि हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या नंदिनी चटर्जी सिंग प्रभृति संशोधकांनीं दिल्लीकडील २१ वेदपाठी पंडित घेतले. वयादि बाबतींत त्यांच्याशीं जुळणारे दुसरे २१ जण घेतले. आणि सर्वांच्या मेंदूंचीं चित्रें काढलीं. भाषा व स्मृति यांच्याशीं संबद्ध असे कांहीं भाग पंडितांच्या मेंदूंत अधिक भरलेले आढळले. वाचून ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे.

पण हीं चित्रें एकाच वेळचीं. पाठांतरानें मेंदू तसा झाला, कीं मुळांत तसा मेंदू असलेलींच मुलें वेदपाठशाळेंत अखेरपर्यंत टिकलीं? आमच्या कोंकणांत माडावर चढणारे गडी बहुधा सडपातळ असतात. ते चढून सडपातळ झाले, कीं सडपातळ म्हणून चढूं लागले, हें त्यांना एकदां पाहून कळत नाहीं. शिवाय वर्षानुवर्षें रोज तासन्‌तास संथा म्हणणारे पंडित कोठें, आणि रविवारचा एक तास कोठें!

ही शंका फेडण्याचा मार्ग लंडन शहरांत दिसला. तेथील टॅक्सीचालकांच्या मेंदूंत ‘हिप्पोकॅम्पस’ नामक स्मृतिस्थानाचा मागील भाग मोठा असतो, हें एलेनॉर मॅग्वायर यांनीं २००० सालीं दाखविलें, तेव्हांही हाच प्रश्न उभा राहिला. मग त्यांनीं व कॅथरीन वूलेट यांनीं ७९ उमेदवारांचीं चित्रें शिक्षणाच्या आरंभींच काढून ठेवलीं आणि तीन-चार वर्षांनीं पुन्हां काढलीं. हा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. शहरांतील सुमारें २५,००० रस्ते पाठ करून जे ३९ जण उत्तीर्ण झाले, त्यांच्यांतच ती वाढ आढळली. अनुत्तीर्णांत नाहीं, आणि हें शिक्षण न घेतलेल्यांतही नाहीं. आरंभीं मात्र सर्व सारखेच होते. अर्थात् अभ्यासानें मेंदू बदलूं शकतो, हें म्हणण्यास तेथें आधार मिळाला. पंडितांच्या अभ्यासांत ही दुसरी पायरी नव्हती.

असली कसोटी परकीयांनाच रुचते, असें मात्र कोणीं समजूं नये. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे योगाचे निस्सीम उपासक. तरी ‘योगमीमांसा’ नियतकालिक काढून त्यांनीं योगक्रिया क्ष-किरणांपुढें आणि मापनयंत्रांपुढें उभ्या केल्या. पुढें १९५७ सालीं वेंगर व बागची हे संशोधक अमेरिकेंतून यंत्रें घेऊन हिंदुस्थानांत हिंडले. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची नाडी बोटांस लागेना, छातीवर नळी लावूनही ठोके ऐकूं येईनात. परंतु विद्युत्-आलेखांत हृदय चाललेलें स्पष्ट दिसलें. श्वास कोंडून स्नायू आवळल्यानें नाडी क्षीण होते व ठोके झांकले जातात, असा उलगडा १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. योगाची थोरवी त्यामुळें उणी झाली नाहीं. आपलें ज्ञान मात्र नेमकें झालें.

आम्हीं तें वाक्य खोडलें. चालक गृहस्थ हिरमुसले. “गुरुजी, त्या एका ओळीवर दहा मुलें अधिक येतील.”

“येतील खरीं,” आम्हीं म्हटलें, “पण ज्या भाषेचें व्याकरण एका मात्रेचीही उपेक्षा करीत नाहीं, तिच्या वर्गाचा आरंभ अर्धवट विधानानें करावा काय?”

त्याऐवजीं आम्हीं एक सूचना केली. या वर्गांतील मुलांना, आणि तितक्याच वयाच्या, रविवारीं चित्रकला शिकणाऱ्या मुलांना, आरंभीं व वर्षाअखेरीस अंकांच्या माळा ऐकवून त्याच क्रमानें म्हणावयास लावाव्या आणि वहींत टिपून ठेवावें. मूठभर मुलांवरून सिद्धांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण प्रश्न कसा विचारावा, एवढें तरी मुलें शिकतील.

“आणि कांहींच फरक दिसला नाहीं तर?” गृहस्थांनीं विचारलें.

“तर तेंही पुढल्या वर्षीं छापूं.”

वर्ग सुरू झाला आहे; अकरा मुलें येतात. वहींतील पहिला रकाना भरला आहे, दुसरा अद्याप रिकामा आहे.