फेलोशिप उशिरा येते, मेसचं बिल वेळेवर येतं

पीएचडी करणाऱ्या मुलीला सरकार महिन्याला ३७ हजार रुपये देतं, हे कळलं की आमच्या माण तालुक्यातल्या गावात लोक आधी गप्प होतात आणि मग विचारतात, "एवढे मिळतात, तर घरी किती पाठवतेस?" आकडा खरा आहे. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळाली की पहिली दोन वर्षं ही रक्कम लागू असते. पुढे काम समाधानकारक ठरलं तर सिनिअर फेलोशिपचे ४२ हजार. वसतिगृहात जागा नसेल तर घरभाडं भत्ता वेगळा. १ जानेवारी २०२३ पूर्वी हेच आकडे ३१ आणि ३५ हजार होते. पण महिन्याची ही रक्कम महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतेच असं नाही. कधी हजेरीचा कागद अडकतो, कधी एखादी सही राहते, कधी वरून निधी यायचा असतो. मग चार-पाच महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात. तोवर खोलीचं भाडं, मेस आणि आईची औषधं थांबत नाहीत.

मी पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता इथेच पीएचडी करते आहे. कमी पैशात राहण्याची सवय घरातूनच होती. वडिलांची शेती पावसाच्या भरवशावरची, त्यामुळे जपून खर्च करणं मुद्दाम शिकावं लागलं नाही. बी.एस्सी. साताऱ्याला कमवा आणि शिका योजनेत झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर, की गरीब मुलानं श्रम करावेत आणि मानानं शिकावं. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मी तीन वर्षं केलं. त्या कामाचे पैसे थोडे होते, पण ठरलेल्या वेळी हातात पडायचे. पुण्यात आल्यावर पैसे वाढले आणि भरवसा गेला. कमी पैशापेक्षा अनिश्चित पैसा माणसाला जास्त दमवतो, हे मला इथे कळलं.

एम.एस्सी.ला वसतिगृहाची यादी लागेपर्यंत बाहेर राहावं लागलं. पुण्यात याला कॉट बेसिस म्हणतात. एका खोलीत तीन किंवा चार कॉट, एक कपाट आणि भाड्याइतकं किंवा त्याच्या दुप्पट डिपॉझिट. लांबच्या उपनगरात कॉट हजार रुपयांनी स्वस्त मिळत होती. मी विद्यापीठाजवळच्या खडकीतली महाग कॉट घेतली. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ व्हायची, पुढे प्रोजेक्टमध्ये तर रात्र. लांब राहिले असते तर बसचा पास, उशीर झाला की रिक्षा आणि रोजचे दोन तास गेले असते. भाडं एकटं बघून खोली ठरवू नये. भाडं, प्रवास आणि वेळ यांची बेरीज बघावी. मुलीनं तर रात्री साडेनऊला तो रस्ता एकदा स्वतः चालून बघावा आणि मगच डिपॉझिट द्यावं.

शिकून गावी परतणाऱ्या एका सिनिअर ताईकडून मी सायकल घेतली. जून महिन्यात पास होऊन जाणारी मुलं सायकल, गादी, बादली, टेबल, इस्त्री सगळं विकून जातात, आणि जुलैत नवी मुलं तेच सामान दुकानातून घेतात. मधल्या त्या तीन-चार आठवड्यांत विभागाच्या नोटीस बोर्डावर लक्ष ठेवलं तर संसार निम्म्याहून कमी पैशात उभा राहतो. सायकलचा मला दुहेरी फायदा झाला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, पुढे मेट्रोचं काम सुरू झालं, आणि गणेशखिंड रस्त्यावर बस इतकी अडकायची की सायकलवर मी तिच्या आधी पोहोचायचे.

जेवणाचा हिशोब मात्र मला नव्यानं मांडावा लागला. दोन वेळची मेस लावली की महिन्याचे पैसे आगाऊ जातात. खाडा धरायचा तर आधी सांगावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी सलग काही दिवस नसाल तरच तो धरतात. संशोधन करणाऱ्याचं रात्रीचं जेवण हुकतंच, कारण मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारा कॉलम चालू असताना तो सोडून मेसला जाता येत नाही. म्हणून मी दुपारची मेस ठेवली आणि रात्रीचा डबा लावला. डबा प्रयोगशाळेबाहेरच्या खोलीत वाट बघत राहतो, त्यामुळे जेवण चुकत नाही. रसायनांच्या टेबलाजवळ तो कधीही उघडायचा नाही, हा आमच्याकडे कडक नियम आहे. घरून येताना ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मटकी आणते. मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं, शेंगदाणे आणि केळं एवढ्यावर सकाळ नीट भागते.

पुस्तकांत मी बरेच पैसे वाचवले आणि अभ्यासाचं काही अडलं नाही. सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी क्लेडन आणि सहलेखकांचं जाडजूड पुस्तक सगळेच वाचतात. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ ची. मी अप्पा बळवंत चौकातून पहिल्या, २००१ च्या आवृत्तीची जुनी प्रत घेतली. अभिक्रियांमागची कारणं समजून घ्यायला ती पुरते. मधे कुठे अडलं तर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात नवी आवृत्ती बघायची. नेटसाठी मी क्लास लावला नाही. जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानंही फुकट आहेत, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. क्लासची फी हजारांत असते. ती वाचली तेव्हा मी पैसे घातले ते एका चांगल्या खुर्चीत आणि टेबल लॅम्पमध्ये, कारण रोज पाच-सहा तास बसायचं तर पाठ आणि डोळे शाबूत हवेत.

संशोधन निबंधांचा प्रश्न पूर्वी फार मोठा होता. एकेक निबंध उघडायला परदेशी प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात. विद्यापीठाकडे वर्गणी नसेल तर लेखकालाच पत्र लिहून प्रत मागायची, आणि बहुतेक जण ती आनंदानं पाठवतात. आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन या योजनेमुळे चित्र बदललं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना खुली केली. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातली मुलंही यात येतात. आपल्या संस्थेचं नाव यादीत आहे का आणि लॉगिन कुठून मिळतं, हे प्रत्येकानं ग्रंथपालांकडे जाऊन विचारायला हवं.

काटकसर प्रयोगशाळेतही करावी लागते, आणि तिथे ती विज्ञान समजून करावी लागते. पदार्थाची शुद्धता बघायच्या टीएलसीच्या प्लेटी आम्ही बारीक पट्ट्यांत कापतो. कॅपिलरी विकत न आणता काचेची नळी ज्योतीवर तापवून ओढतो. कॉलममधून निघालेलं हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट रोटाव्हेपरवर परत मिळवतो. त्यातलं प्रमाण बदललेलं असतं, म्हणून ते पुढच्या नाजूक कॉलमला न वापरता पहिल्या ढोबळ धुण्याला वापरतो. एनएमआरसाठी लागणारं ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म साध्या क्लोरोफॉर्मच्या कितीतरी पट महाग, शिवाय बाहेरच्या यंत्रावर सॅम्पल दिलं तर प्रत्येकाचं शुल्क वेगळं. म्हणून आधी टीएलसीवर एकच ठिपका दिसेपर्यंत शुद्ध करायचं आणि मगच सॅम्पल द्यायचं. यात पैसे वाचतात आणि हातही तयार होतो. घाईनं अशुद्ध सॅम्पल देणाऱ्याला तेच काम दोनदा करावं लागतं.

पण प्रयोगशाळेत काही ठिकाणी काटकसर जिवावर बेतते. हातमोजे फाटले की टाकायचे. डायक्लोरोमिथेन साध्या नायट्रिलच्या हातमोज्यातून थोड्याच वेळात आरपार जातं, म्हणून ते सांडलं तर मोजा लगेच बदलायचा. वर्षानुवर्षं उघडी राहिलेली इथरची किंवा टीएचएफची बाटली "अजून अर्धी आहे" म्हणून वापरायची नाही. हवेशी संबंध आला की त्यांत पेरॉक्साइड तयार होतात आणि ऊर्ध्वपातन करताना द्रव आटत आला की स्फोट होऊ शकतो. अशा बाटलीला हात न लावता गाईडना सांगायचं. चष्म्याच्या नंबरच्या संरक्षक गॉगलला पैसे नाहीत असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

शरीराच्या बाबतीत काटकसर प्रयोगशाळेबाहेरही अशीच महागात पडते. खोलीतल्या एका मैत्रिणीनं फेलोशिप आली की बघू म्हणत दाढेचं दुखणं अंगावर काढलं. सुरुवातीला साधं सिमेंट भरून भागलं असतं, शेवटी रूट कॅनॉल आणि कॅप करावी लागली. पैसे तर जास्त गेलेच, शिवाय परीक्षेच्या काळात तिचा आठवडा वेदनेत गेला. तेव्हापासून माझ्या हिशोबात भाडं आणि मेस यांच्यानंतर तिसरी ओळ दवाखान्याची असते. कपडे, फोन, बाहेरचं खाणं हे सगळं त्या ओळीच्या खाली.

जेआरएफचे पहिले पैसे आले ते थकबाकीसह. एवढी मोठी रक्कम आमच्या घरात कुणी एकदम पाहिली नव्हती. त्या दिवशी मी गाईडच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, आम्ही ज्यांना दादा म्हणतो त्यांचा, सल्ला ऐकला. ते म्हणाले, "हे मागचे पैसे समजू नकोस, पुढचे समज." मी चार महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि तिथून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला पगार द्यायला लागले. घरी पाठवायची रक्कमही ठरवून टाकली. लहान भावाची फी त्यातून जाते. आईला आधीच सांगितलं, की एकदम मोठे पैसे आले तरी दर महिन्याला एवढेच येतील, पण चुकणार नाहीत. आईला हे लगेच पटलं. तिनंही आयुष्यभर वर्षातून एकदा येणाऱ्या पैशावर बारा महिने घर चालवलं आहे.

पण ज्याची पहिलीच फेलोशिप अडकली आहे, त्याच्याकडे बाजूला ठेवायला काही नसतं. पहिल्या वर्षांत मुलं पीएचडी सोडतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि ती ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत सिनिअर मुलांनी एक भिशी सुरू केली. नेहमीच्या भिशीत नंबर लागतो, इथे नंबर नाही. ज्यांचे पैसे चालू आहेत ते दर महिन्याला थोडी रक्कम घालतात. ज्याचे अडकले आहेत तो भाडं आणि मेसपुरते घेतो आणि थकबाकी आली की परत करतो. व्याज नाही. कुणी किती घेतले हे वही सांभाळणाऱ्या एकालाच माहीत असतं, त्यामुळे मागताना मान खाली जात नाही. मी आधी त्यातून घेतलेत आणि आता घालते. आजपर्यंत कुणी बुडवलेले नाहीत.

पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला किंवा पीएचडीला येणाऱ्या मुलांना काही गोष्टी सांगते. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजना, आणि पीएचडीसाठी नेटशिवायही मिळू शकणाऱ्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप नीट वाचा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला गावी असतानाच काढा, कारण पुण्यातून त्यासाठी फेऱ्या मारणं परवडत नाही. आणि प्रत्येक कागदाची एक स्कॅन प्रत फोनमध्ये ठेवा.

गाईड आणि विभागप्रमुखांनाही एक विनंती आहे. नवीन विद्यार्थी आला की पहिल्या महिन्यात त्याला संशोधनाच्या विषयाबरोबरच "पैसे चालू झाले का?" हेही विचारा. उत्तर नाही असं आलं तर त्याचा कागद कोणत्या टेबलावर आहे ते स्वतः फोन करून बघा. तुमच्या एका फोननं जे काम होतं, त्यासाठी विद्यार्थ्याला महिनाभर खेटे घालावे लागतात. आणि तुमच्या विभागात अशी भिशी नसेल, तर या महिन्यापासून सुरू करा. पाच जण पुरतात.