पोळ्याचा फोटो

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची गोष्ट. आमच्या दादांनी बैलजोडी धुऊन, शिंगे रंगवून, झुली घालून दारात उभी केली. स्वतःही धुवट धोतर नेसले, फेटा बांधला. मी खिशातून मोबाईल काढला नि फोटो घेतला. सूर्य मावळतीला, बरोबर दादांच्या पाठीमागे. आभाळ झकास आले, बैलांच्या कडा सोन्यासारख्या चमकल्या. दादांचा चेहरा मात्र काळाठिक्कर. म्हटले, असू दे, पुन्हा काढू.

कार्तिकात दादा गेले. दहाव्याला फोटो हवा झाला, तर अलीकडचा तोच एक. तालुक्याच्या फोटोवाल्याने तो उजळला खरा. पण कॅमेऱ्याने टिपलेच नाही, ते तो बिचारा कोठून आणणार?

त्या हळहळीपोटी मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका पोराच्या मागे लागलो. वयाने माझ्या मुलाएवढा, पण गुरू तो गुरूच. त्याने शिकवले ते तुम्हालाही सांगतो.

आधी भिंग पुसा. आपले हात मातीचे, तेलाचे. बोटाचा ठसा राहिला की फोटो धुरकट येतो. स्वच्छ मऊ सुती कापडाने हलके पुसावे; धुळीच्या सोग्याने पुसाल तर ओरखडे पडतील.

मग उजेड कोठून येतो ते बघा. तो माणसाच्या तोंडावर, जरा बाजूने यावा. सकाळ-संध्याकाळ उत्तम. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात, तेव्हा माणसाला ओसरीच्या कडेला घ्यावे. सूर्य मागेच असेल तर माणसाला वळवावे. ते जमत नसेल तर पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाईल मग चेहऱ्यापुरता उजेड धरतात. एवढे मला त्या दिवशी ठाऊक असते तर!

लांबून बोटांनी चित्र मोठे करू नका, दोन पावले पुढे जा. कोपरे अंगाशी धरा आणि एकाऐवजी तीन फोटो काढा. एकात तरी डोळे उघडे सापडतात.

हीच शिस्त शेतातही कामी येते. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणीलाही पिकाचा फोटो लागतो. कृषी विज्ञान केंद्राला रोग दाखवायचा तर एक फोटो सबंध झाडाचा, एक पानाच्या वरून, एक खालून घ्यावा. शेजारी रुपया ठेवला की किडीचा आकार कळतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातले बारकावे कमी होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

नवा कॅमेरा घेऊ का, असे पुष्कळ जण विचारतात. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोंहून जड, आणि एक चित्र साठवायला त्याला २३ सेकंद लागत. त्यापुढे आपल्या खिशातले यंत्र कितीतरी सरस आहे. वर्षभर त्यावरच हात बसवा. पुढे घ्यायचाच झाला तर नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. भिंग चांगले आणि आतला सेन्सर मोठा, हे आधी पाहा.

शेवटची सवय जपणुकीची. शेजाऱ्यांचा मोबाईल विहिरीत पडला आणि नातीच्या बारशाचे सगळे फोटो त्याच्याबरोबर गेले. म्हणून महिन्याकाठी फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि जिव्हाळ्याचे चार कागदावर छापून घ्या.

यंदा आईला सकाळच्या उन्हात ओसरीवर बसवले. "माझा कशाला रे?" म्हणत ती पदर सावरत राहिली. छापलेला फोटो हातात दिला, तेव्हा बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "यांचाही असाच निघाला असता, नाही?"

मी काय बोलणार? वाचकहो, तुमच्या घरच्या थोरांना आजच उजेडात बसवा.