प्रकाशनस्थळ : उस्मानाबाद

संगणकाच्या प्रांतात आम्ही मराठीचे अध्यापक पाहुणेच. तरीही विभागाच्या ग्रंथसूचीसाठी विद्यार्थी वेब अ‍ॅप्लिकेशन उभे करू लागले, तेव्हा त्याच्या स्वयंचलित चाचण्या वाचण्याचे काम आम्हां दोघांकडे आले. प्रत्येक चाचणीपूर्वी डेटाबेसमध्ये काही नमुना नोंदी भराव्या लागतात. ही पूर्वतयारी, म्हणजे सेटअप, त्यांनी एकाच सामाईक फाइलीत ठेवली होती. प्रकाशनस्थळही तेथेच, एकदाच लिहिलेले : उस्मानाबाद.

२०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याला अनुसरून एका विद्यार्थिनीने फाइलीतला तेवढा शब्द बदलला आणि साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. आम्हांला खटकले ते हेच.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले; अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यावेळच्या छापील मजकुरात गाव उस्मानाबाद आहे. 'धाराशिव' असा शोध घेणाऱ्यालाही तो मजकूर सापडावा, पण नोंदीत छापलेलेच नाव दिसावे, यासाठी एक चाचणी होती. मात्र भरायचे नाव, शोधायचे नाव आणि अपेक्षित नाव ती त्याच फाइलीतून घेई. एकाच पोथीच्या दोन नकलांना पाठचिकित्सेत दोन साक्षी मानत नाहीत. येथे तर नक्कलच मुळाची साक्ष देत होती!

तोडगा विद्यार्थ्यांनी 'कोहा'त शोधला. ग्रंथालयांसाठीची ही मुक्तस्रोत वेब प्रणाली न्यूझीलंडमध्ये घडली आणि २००० सालापासून वापरात आहे. तिच्यात डेटाबेस लागणाऱ्या चाचण्यांचा फोल्डर वेगळा असतो. 'टेस्टबिल्डर' नावाचा भाग नोंदीतले न सांगितलेले रकाने आपोआप भरतो, आणि चाचणी संपली की तिने केलेले फेरफार मागे घेतले जातात. तशीच विभागणी आम्ही स्वीकारली. सामाईक फाइलीत उरली ती केवळ डेटाबेसची मांडामांड.

नावाचा वाद मात्र रंगला. 'सर, तोच शब्द दोनदा लिहिणे हा प्रोग्रामिंगमधला दोष आहे', असे विद्यार्थी म्हणत. असेलही, परंतु जे पारखायचे ते चाचणीतच, डोळ्यांसमोर हवे, दुसऱ्या फाइलीत दडलेले नको, असे आमचे मत पडले. (टीपांसाठी ग्रंथाच्या शेवटाकडे धाव घेणारा वाचक हे जाणतो.) आता त्या चाचणीत नोंद भरताना उस्मानाबाद, शोधताना धाराशिव आणि निकाल ताडताना पुन्हा उस्मानाबाद, अशी तिन्ही नावे हाताने लिहिलेली आहेत.