परळीचा फलाट आणि बसावयाची जागा

परळी वैजनाथ म्हटले की प्रथम वैद्यनाथाचे मंदिर डोळ्यांसमोर येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी जीर्णोद्धार केलेले हे ज्योतिर्लिंग श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांनी गजबजून जाते. त्यानंतर आठवतात त्या औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या. परंतु येथील व्यापारी कुटुंबांच्या नित्य व्यवहाराशी निगडित असलेले तिसरे ठिकाण म्हणजे रेल्वे स्थानक. परभणीकडील आणि विकाराबादकडील लोहमार्ग येथे एकत्र येतात. खरेदी, वसुली, लग्नकार्य, दवाखाना, कोणत्याही निमित्ताने लातूर, उदगीर वा हैदराबाद गाठायचे, तर पाय याच फलाटाकडे वळतात.

या फलाटावर श्रावणातील एका सोमवारी घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. गावातील एक धान्य व्यापारी वृद्ध आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी हैदराबादला नेत होते. आरक्षण प्रतीक्षायादीतच राहिले. म्हणून त्यांनी साधारण डब्याची तिकिटे काढली. दोघे फलाटाच्या मध्यभागी उभे राहिले. गाडी आली, तेव्हा साधारण डबे दोन्ही टोकांना! पिशव्या सावरीत धावपळ झाली. मुलाने दारातून मुसंडी मारून एक जागा धरली, तिच्यावर रुमाल टाकला आणि मागे वळून पाहिले. आई अद्याप फलाटावरच होती. दारात इतकी दाटी झाली होती की तिला पायरीपर्यंतही पोहोचता येत नव्हते. मुलगा परत खाली उतरला. जागा गेली, रुमाल गेला, गाडीही गेली. आई एवढेच म्हणाली, “जागा कोणासाठी धरली होतीस, बाळा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अनारक्षित तिकीट प्रवासाचा हक्क देते, आसनाचा नव्हे. रुमालालाही कोणताच कायदेशीर आधार नाही; एस.टी.च्या खिडकीतून चालत आलेली ती केवळ रूढी आहे. म्हणून जागा मिळते ती बळाने किंवा पूर्वतयारीने. बळ तरुणांपाशी असते. पूर्वतयारी मात्र कोणालाही करता येते.

अनुभवी प्रवाशांची रीत साधी आहे. साधारण डबे बहुधा इंजिनाजवळ आणि शेवटी असतात. ते नेमके कोठे थांबतील हे फलाटावरील हमालाला किंवा चहावाल्याला विचारून तेथेच उभे राहावे. सामान एका हातात मावेल इतकेच घ्यावे. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. यात सौजन्य तर आहेच, शिवाय हिशेबही आहे, कारण ते उतरल्याखेरीज आसने रिकामी होत नाहीत. वृद्धांना पुढे ठेवावे आणि तरुणाने मागून आधार द्यावा. तरुणाने आधी शिरून वृद्धांना मागे ठेवणे हीच खरी चूक. परळीहूनच सुटणारी गाडी असेल, तर ती फलाटावर लागण्यापूर्वीच हजर राहावे. तेथे लवकर येणे हेच निम्मे आरक्षण ठरते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. आपल्याकडे एअर डेक्कनच्या स्वस्त विमानांत आरंभी आसन क्रमांक दिले जात नसत. जो आधी चढे त्याला हवी ती जागा मिळे. अमेरिकेतील साउथवेस्ट या विमान कंपनीने १९७१ पासून पाच दशकांहून अधिक काळ हीच पद्धत चालवली. पण तेथे धक्काबुक्कीऐवजी क्रमांक होता. उड्डाणाच्या २४ तास आधी नोंद करावयाची. मग ए, बी, सी यांपैकी एक गट आणि १ ते ६० पैकी एक क्रमांक हाती येई. त्या क्रमाने उभे राहावयाचे आणि चढावयाचे. पुढे जादा पैसे भरून पुढचा क्रमांक घेण्याची सोयही निघाली. म्हणजे रांगेलाही भाव आला. अखेर जानेवारी २०२६ मध्ये ठरावीक आसने देऊन कंपनीने ही प्रथा थांबवली.

क्रमांकाची ही कल्पना रेल्वेलाही अपरिचित नाही. परळी ज्या दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात येते, त्या सिकंदराबाद स्थानकावर २०२१ मध्ये साधारण डब्याच्या प्रवाशांना बोटाचा ठसा घेऊन टोकन देणारे यंत्र बसवण्यात आले. टोकनाच्या क्रमाने रांग लावावयाची, हे त्यामागील सूत्र. जुन्या पिढीला बँकेच्या खिडकीवरील पितळी टोकन आठवत असेल. ते हातात आले की माणूस निश्चिंत बाकावर बसे. कारण त्याची पाळी कोणी हिरावून घेणार नाही, हा भरवसा त्या चकतीत असे. बाजारपेठही अशाच भरवशावर चालते.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. हा २६१ किलोमीटरचा नियोजित मार्ग पुढे परळीस जोडला जाईल, तेव्हा या फलाटावरील गर्दी आणखी वाढेल. सणाच्या दिवसांत तरी येथे टोकन आणि रांग असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पुढच्या खेपेस ते व्यापारी अर्धा तास आधी आले आणि चहावाल्याने दाखवलेल्या खांबापाशी आईला घेऊन थांबले. उतरणारे उतरले, आई आधी चढली आणि खिडकीशी बसली. तिच्या शेजारी मुलासाठीही जागा होती. इतक्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई दारातून आत आली. आईने मुलाकडे पाहिले. तो उठून उभा राहिला आणि आई खिडकीकडे सरकत त्या बाईला म्हणाली, “ये बाई, बस इथं.”