वस्तूंचे गांभीर्य : ‘अर्नेस्ट’चे नेपथ्य, वेश आणि प्रकाश

छापील नाटकात नेपथ्यसूचना तिरप्या किंवा बारीक अक्षरांत येतात, आणि वर्गात नाटक शिकवताना त्या बहुधा वाचल्याच जात नाहीत. संवाद म्हणजे नाटक आणि सूचना म्हणजे रंगमंचावरील कारागिरांसाठी ठेवलेली टिपणे, अशी एक समजूत अध्यापनात मुरलेली आहे. ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या सुखात्मिकेच्या बाबतीत ही समजूत विशेष घट्ट असते. तिचे संवाद इतके लखलखीत आहेत की त्यांना कशाच्या आधाराची गरजच नाही असे वाटते. प्रयोगात मात्र त्यांचा आधार फार लवकर जाणवतो. या नाटकातील माणसे जन्म, मृत्यू, विवाह आणि नाव यांविषयी सहज, हलकेपणाने बोलतात. पण काकडीचे सँडविच, चहातील साखर, सिगारेटची डबी आणि एक जुनी हँडबॅग यांच्याविषयी त्यांचा भाव कमालीचा गंभीर असतो. गंभीर माणसांसाठी लिहिलेली क्षुल्लक सुखात्मिका, हे वाइल्डने दिलेले उपशीर्षक याच उलथापालथीकडे बोट दाखवते. ही उलथापालथ प्रेक्षकाला दिसायची असेल, तर रंगमंचावरील वस्तूंना खरोखरच वजन असले पाहिजे. पात्रे विनोद करीत असताना खुर्च्यांनी आणि कपड्यांनी विनोद करू नये, ही या नाटकाच्या रचनाकाराची पहिली आणि सर्वांत अवघड अट आहे.

१४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. थिएटर चालवणारा जॉर्ज अलेक्झांडर स्वतः जॅक वर्दिंगची भूमिका करीत होता. मूळ चार अंकांचे नाटक त्याच्याच आग्रहाने तीन अंकांत आले. त्या रंगमंचामागे अर्धशतकाहून अधिक काळाची एक परंपरा उभी होती. मादाम वेस्ट्रिसने १८३० नंतरच्या दशकात ऑलिंपिक थिएटरात तीन भिंतींची बंदिस्त खोली, म्हणजे बॉक्स सेट, रुळवण्यास सुरुवात केली. १८४१ साली कव्हेंट गार्डनमध्ये झालेल्या ‘लंडन अशुरन्स’च्या प्रयोगात खऱ्या गालिच्यांचे आणि खऱ्या सामानाचे कौतुक झाले. पुढे बँक्रॉफ्ट दांपत्याने टी. डब्ल्यू. रॉबर्टसनच्या ‘सोसायटी’ (१८६५) आणि ‘कास्ट’ (१८६७) या नाटकांतून घराचे दैनंदिन वास्तव रंगमंचावर स्थिर केले. १८८० साली हेमार्केट थिएटर हाती घेतल्यावर त्यांनी रंगमंचाभोवती चारही बाजूंनी सोनेरी चौकटच बसवली. पडद्यावर रंगवलेले दार जाऊन खऱ्या मुठीचे, खरोखर उघडणारे दार आले. वाइल्डच्या पात्रांना अकस्मात आत येण्यासाठी हे दार आवश्यकच होते.

हा प्रवाह मराठी रंगभूमीपर्यंत उशिरा पोचला. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (१८८०) मराठी संगीत नाटक रंगवलेल्या पडद्यांवर समृद्ध झाले. बंदिस्त खोलीचे वास्तववादी नेपथ्य ठसठशीतपणे लक्षात आले ते १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या प्रयोगाने. आणि तेही ब्यॉर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या आधारे रचलेले नाटक होते. पुढे ‘दिवाणखाना’ हा मराठी नाटकाचा इतका सवयीचा मुक्काम झाला की ‘दिवाणखानी नाटक’ हे विशेषण टीकेच्या सुरात वापरले जाऊ लागले. मराठी वाचक ‘अर्नेस्ट’कडे येतो तो या विशेषणासह, आणि तेथेच त्याची किंचित फसगत होते. हे नाटक एकाच दिवाणखान्यात मुक्काम करीत नाही. पहिल्या अंकात हाफ मून स्ट्रीटवरील एका अविवाहित तरुणाचे बिऱ्हाड आहे; दुसऱ्यात वूल्टन येथील मॅनॉर हाऊसची गुलाबांनी भरलेली बाग; तिसऱ्यात त्याच घरातील मॉर्निंग-रूम, म्हणजे सकाळच्या बैठकीची, घरातल्या स्त्रियांच्या वावराची खोली. शहरातील पुरुषाच्या जागेतून गावाकडील स्त्रियांच्या जागेकडे नाटक सरकते. तिन्ही ठिकाणी सारखेच सोफे मांडणारा नेपथ्यकार हा प्रवास पुसून टाकतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांचा सांधा तर निव्वळ नेपथ्याने जोडलेला आहे. दुसऱ्या अंकात घर बाहेरून दिसते. करड्या दगडी पायऱ्या त्याच्याकडे चढत जातात. तिसऱ्यात तेच घर आतून दिसते, आणि पडदा उघडतो तेव्हा ग्वेंडोलेन व सेसिली खिडकीतून बागेतल्या पुरुषांकडे पाहत असतात. एका क्षणापूर्वी प्रेक्षक जेथे होता, तेथेच त्या पाहत आहेत. खिडकीपलीकडची झाडी मागच्या अंकातील बागेशी जुळली नाही, तर हा सांधा निखळतो. त्याच अंकात जॅक हँडबॅग शोधायला वर धावतो, माथ्यावर पेट्या आदळल्याचे आवाज येतात आणि सगळी पात्रे वर पाहतात. ती काय पाहतात? छत असेल तर घराचा वरचा मजला. छत नसेल तर लोंबकळणाऱ्या दिव्यांच्या रांगा. एका सूचनेसाठी छत हवे, असा हा हिशेब आहे.

परंतु छत घातले की प्रकाशयोजनाकाराची वाट अडते. वरून येणारा प्रकाश बंद होतो. उरतात ते समोरचे दिवे, खिडक्या आणि रंगमंचाच्या कडेचे फूटलाइट्स. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लंडनच्या रंगमंचावर प्रकाशाची व्यवस्थाच पालटत होती. १८८१ साली सॅव्हॉय थिएटरात स्वानच्या विजेच्या दिव्यांनी प्रेक्षागृह उजळले आणि वर्षअखेरीस रंगमंचही. हेन्री अर्व्हिंग मात्र लायसियममध्ये गॅसचा मऊ, किंचित थरथरता प्रकाश जपत राहिला. विजेच्या प्रकाशात रंगवलेले कापड उघडे पडते, रंगभूषेचा थर दिसतो, नकली लेस नकली दिसते. म्हणजे नवा प्रकाश नेपथ्यावर आणि वेशावर खरेपणाची सक्ती करीत होता.

‘अर्नेस्ट’च्या प्रकाशाविषयी एक गोष्ट क्वचितच नोंदवली जाते : या नाटकात रात्र नाही. पहिला अंक दुपारच्या चहाचा, दुसरा जुलैमधील बागेतल्या दुपारचा, तिसरा त्याच्याच पाठोपाठ येणारा. कोठेही दिवा लावावा लागत नाही, चंद्र उगवत नाही, कोणी अंधारात लपत नाही. दोन्ही नायक खोट्या नावाने वावरतात, एक नसलेला भाऊ सांगतो, दुसरा नसलेला आजारी मित्र. आणि ही सारी लपवाछपवी भर उजेडात चालते. एरवी रंगभूमीवर गुपिताला सावली लागते. येथे गुपित जितके उजेडात, तितके हास्य अधिक. म्हणून या नाटकात वातावरणनिर्मितीचा मोह धरून संध्याछाया पसरवणारी प्रकाशयोजना संहितेच्या विरुद्ध जाते. चेहरा, हात आणि कप हे तिन्ही सारख्याच स्पष्टतेने दिसावेत, एवढेच तिचे काम. पण ते साधे नाही. सपाट उजेड आणि दिवसाचा उजेड यांत फरक असतो. दिवसाला दिशा असते. पहिल्या अंकातला उजेड खिडकीतून आत येणारा, शहराच्या भिंतींनी गाळलेला. दुसऱ्यातला वरून मोकळा पडणारा, झाडाखाली थोडा थांबणारा. तिसऱ्यातला बागेकडून घरात शिरणारा. ही दिशा सांभाळली, की प्रेक्षकाला काही न सांगता आत-बाहेर कळते.

वेशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १८९५ साली या नाटकातील कपडे ‘वेशभूषा’ नव्हते. ते त्या हंगामाचे कपडे होते. सेंट जेम्समधील पुढच्या रांगांतील प्रेक्षक आणि रंगमंचावरील पात्रे एकाच जगात राहत होती. नटीने घातलेला पोशाख पाहून प्रेक्षक स्त्रिया आपला पुढचा पोशाख ठरवीत. बालगंधर्वांच्या शालूंचे आणि केशरचनेचे अनुकरण करणाऱ्या प्रेक्षक स्त्रियांची आठवण मराठी वाचकाला येथे होणे स्वाभाविक आहे. आजच्या प्रयोगात मात्र तोच पोशाख ‘जुना’ होतो. प्रेक्षक बाही पाहून हसतो, आणि वाक्यावर हसायचे राहून जाते. त्या वर्षी स्त्रियांच्या बाह्या खांद्याशी प्रचंड फुगलेल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट असत. त्यांची रुंदी नेपथ्यकाराने मोजली नाही, तर दारातून दोघींना एकत्र जाता येत नाही आणि एका सोफ्यावर बसताही येत नाही. कॉर्सेटमुळे पाठ टेकत नाही, बसणे खुर्चीच्या कडेवरचे होते, आणि वाक्याला आपोआप ताठपणा येतो. लेडी ब्रॅकनेलच्या बोलण्यातील अधिकार अर्धा तिच्या शिंप्याने शिवलेला असतो. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून नटीला निदान कॉर्सेट आणि घोळदार परकर दिला पाहिजे, ही सूचना म्हणूनच हौसेची नसून व्याकरणाची आहे.

या नाटकातील सर्वांत मोठा हशा एका वाक्याचाही नाही. तो वेशाचा आहे. दुसऱ्या अंकात जॅक बागेच्या मागील बाजूने हळूहळू येतो. अंगावर संपूर्ण दुखवट्याचा वेष, टोपीला क्रेपची पट्टी, हातांत काळे मोजे. आपला धाकटा भाऊ अर्नेस्ट पॅरिसमध्ये वारला, असे तो सांगणार आहे. आणि ‘अर्नेस्ट’ म्हणवणारा अल्जरनॉन काही क्षणांपूर्वीच सेसिलीबरोबर घरात गेलेला प्रेक्षकांनी पाहिला आहे. जॅकने तोंड उघडण्यापूर्वीच विनोद पूर्ण झालेला असतो. व्हिक्टोरिया राणी १८६१ पासून वैधव्याच्या काळ्या वेषात होती. दुखवट्याचे कापड किती दिवस आणि कोणते, याचे नियम त्या समाजाला पाठ होते. क्रेप मुद्दाम निवडले जाई ते त्याला चकाकी नसते म्हणून. जुलैच्या उजेडात, गुलाबांच्या पार्श्वभूमीवर हे निस्तेज काळे एखाद्या छिद्रासारखे दिसले पाहिजे. येथे नेपथ्य, वेश आणि प्रकाश या तिघांचा एकच क्षण आहे. टोपीची पट्टी हातभर रुंद केली, विदूषकी काळा डगला घातला, तर विनोद मरतो. कारण मग जॅक लबाड उरत नाही, नुसता वेडगळ होतो. त्याचा दुखवटा निर्दोष असला पाहिजे. खोटे आहे ते एवढेच, की मेलेला माणूस कधी नव्हताच.

रंगसाहित्याबाबतही हेच. पहिल्या अंकात लेडी ब्रॅकनेलसाठी केलेली सँडविचेस अल्जरनॉन एकटा संपवतो. घास आणि वाक्य यांचा मेळ आधी मोजावा लागतो, नाहीतर मावशी येते तेव्हा बशी रिकामी नसते. चहाच्या प्रसंगात सेसिली साखर नको म्हणणाऱ्या ग्वेंडोलेनच्या कपात चार खडे टाकते आणि पाव-लोणी मागणाऱ्या तिला केकचा मोठा तुकडा देते. नोकर समोर असल्यामुळे भांडण चिमट्याने लढले जाते. शेवटी येणारे मफिन म्हणजे आजच्या बेकरीतील गोड केक नव्हेत. ते भाजून, लोणी लावून खायचे चपटे पाव. ते शांतपणेच खाल्ले पाहिजेत, नाहीतर लोणी कफांना लागेल, हे अल्जरनॉनचे तत्त्वज्ञान खऱ्या लोण्याशिवाय आणि खऱ्या खळीच्या कफांशिवाय पोकळ ठरते. हँडबॅगेवर तर तिचा इतिहासच कोरलेला आहे : एका ऑम्निबसच्या अपघाताची खूण, आतल्या अस्तरावरील डाग, कुलपाजवळची आद्याक्षरे. मिस प्रिझम या खुणा एकेक करून ओळखते आणि जॅकला जन्म मिळतो. त्या खुणा तेथे नसतील, तर नटी खोटे वाचत असते.

याच्या अगदी उलट वाट १९३० साली लंडनच्या लिरिक, हॅमरस्मिथ येथील नायजेल प्लेफेअरच्या प्रयोगाने घेतली. ऑब्रे बिअर्ड्स्लीच्या रेखाटनांच्या धर्तीवर सारा प्रयोग काळ्या-पांढऱ्यात रचला गेला. जॉन गिलगुड त्यात जॅक होता. शैलीचा हा निर्णय देखणा होता, आणि वाइल्डच्या कृत्रिमतेला प्रामाणिकही. पण एक प्रश्न त्यातून उभा राहतो : जेथे सारेच काळे-पांढरे, तेथे दुखवट्याचा काळा वेगळा कसा पडावा? संपूर्ण रंगमंचाने विनोदाची शैली आधीच स्वीकारली, तर त्या एका प्रवेशासाठी काही राखून ठेवलेले नसते.

वस्तूंचे हे गांभीर्य वाइल्डपुरते केवळ नाट्यतंत्र नव्हते. त्याच्या टाइट स्ट्रीटवरील घराची अंतर्गत सजावट ई. डब्ल्यू. गॉडविनने केली होती. गॉडविन हा वास्तुरचनाकार तसाच रंगमंचावरील ऐतिहासिक नेपथ्य-वेशांचा अभ्यासक. पुढे नेपथ्यातील वास्तववादच नाकारणाऱ्या गॉर्डन क्रेगचा पिता. १८८५ साली लिहिलेल्या आणि नंतर ‘द ट्रूथ ऑफ मास्क्स’ या नावाने ग्रंथात आलेल्या निबंधात वाइल्डने रंगमंचावरील वेश हा नाट्यार्थाचाच भाग असल्याचे मांडले आणि गॉडविनचा गौरवाने उल्लेख केला. त्या घरात पांढऱ्या रंगाची भोजनाची खोली होती. ५ एप्रिल १८९५ रोजी वाइल्डला अटक झाली. ‘अर्नेस्ट’च्या जाहिरातींतून आणि कार्यक्रमपत्रिकांतून लेखकाचे नाव काढले गेले, नाटक मात्र चालू राहिले. त्याने तरुणांना भेट दिलेल्या चांदीच्या सिगारेटच्या डब्या न्यायालयात पुरावा म्हणून आल्या. रंगमंचावर पहिल्या अंकात जॅकचे दुहेरी आयुष्य उघडे पाडते तीही सिगारेटची डबीच, तिच्यातल्या कोरीव मजकुरामुळे. २४ एप्रिल रोजी टाइट स्ट्रीटवरील घरातील सामान लिलावात विकले गेले. मे महिन्याच्या आरंभी नाटकाचे प्रयोग थांबले. २५ मे रोजी दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. म्हणजे एप्रिलच्या अखेरचे काही दिवस लेखकाचे खरे घर रिकामे होते आणि त्याने कल्पिलेले घर सेंट जेम्सच्या रंगमंचावर रोज संध्याकाळी संपूर्ण सामानासह मांडले जात होते.

या घटनांची छाया प्रयोगावर पाडू नये. रात्र नसलेल्या नाटकात ती उसनी ठरेल. पण त्या लक्षात ठेवल्या, तर नेपथ्यकाराला डबी निवडताना हात आखडता घेता येणार नाही. ती भाड्याच्या पेटीतून उचललेली कोणतीही डबी असून चालत नाही. तिच्यात अक्षरे खरोखर कोरलेली असावी लागतात, जरी ती तिसऱ्या रांगेपलीकडे दिसणार नसली तरी. नट ती वाचतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जे उमटते ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. ‘अर्नेस्ट’मधील माणसे सतत खोटे बोलतात, त्यांच्याभोवतीच्या वस्तूंना ती मुभा नाही. वर्गात हे नाटक शिकवताना तिरप्या अक्षरांतील त्या ओळी मोठ्याने वाचल्या, तर विद्यार्थ्यांना एवढे नक्की कळेल की त्या संवादांच्या कडेला लावलेल्या टिपा नाहीत. संवाद ज्यावर उभे आहेत ती जमीन आहे.